फळी रिकामी का राहते?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

दुकानदाराच्या तोंडून आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकलेला एक शब्द आहे, 'संपलं'. कधी त्याला 'उद्या येईल' अशी पुस्ती जोडलेली असते. आपण पिशवी तशीच घेऊन पुढच्या दुकानात जातो, नाहीतर नेहमीचा सोडून दुसराच साबण घेऊन घरी येतो. या 'संपलं'ला इतिहास आहे असं म्हटलं तर कुणालाही हसू येईल. पण तो आहे, शंभरेक वर्षांचा आहे, आणि त्यात माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या आहेत.

आधी एक भेद करून ठेवू. एक 'संपलं' खऱ्या टंचाईचं असतं. १९७२च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्राने ते पाहिलं. धान्यासाठी, तेलासाठी, रॉकेलसाठी लागलेल्या रांगा आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने निघालेले लाटणे मोर्चे ज्यांना आठवतात, त्यांना ते वेगळं सांगायला नको. तिथे मुळात मालच कमी असतो, आणि त्याची कारणं पावसात, साठेबाजीत आणि सरकारच्या धोरणात शोधावी लागतात. आज बोलायचं आहे ते दुसऱ्या 'संपलं'बद्दल. यात माल असतो. कारखान्यात असतो, घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात असतो, पुष्कळदा त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत असतो. फक्त फळीवर नसतो.

आपल्याकडचं जुन्या पद्धतीचं वाण्याचं दुकान डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, माल पलीकडे. आपण यादी वाचायची, वाण्याने किंवा त्याच्या पोऱ्याने डबे काढायचे, मापायचं, पुडी बांधायची. वेळ फार जायचा. पण या पद्धतीत एक सोय होती, ती कुणाच्या ध्यानात येत नसे. विकली जाणारी प्रत्येक वस्तू दुकानदाराच्या हातातून जात होती. मापटं डब्याच्या तळाला खरवडलं की त्याला कळायचं, साखर संपत आली. विक्रीची बातमी आणि माल मागवणारा माणूस यांच्यात अंतरच नव्हतं. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या दुकानांची रीतही तेव्हा हीच होती.

हे अंतर पहिल्यांदा पडलं अमेरिकेत. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात सप्टेंबर १९१६ मध्ये क्लॅरन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याने 'पिगली विगली' या विचित्र नावाचं दुकान उघडलं. हे असलं नाव का ठेवलं, असं कुणी विचारलं की, लोकांनी हेच विचारावं म्हणून, असं तो सांगे. फिरत्या फाटकातून आत यायचं, टोपली उचलायची, ठरवून दिलेल्या एकाच वाटेने सगळ्या फळ्यांसमोरून जायचं, हवं ते स्वतःच्या हाताने घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. आज आपल्याला यात काहीच नवल वाटत नाही, पण सॉन्डर्सने १९१७ मध्ये या मांडणीचं चक्क पेटंट घेतलं. नोकर कमी लागत, भाव कमी ठेवता येत. सहा-सात वर्षांत पिगली विगलीची बाराशेच्या आसपास दुकानं झाली. पुढे १९२३ मध्ये शेअर बाजाराच्या झुंजीत सॉन्डर्स कंपनी गमावून बसला, ती कथा वेगळी.

स्वतःच्या हाताने घेण्याच्या या पद्धतीत एक गोष्ट निसटली. शेवटचा डबा उचलणारं गिऱ्हाईक काही दुकानदाराला सांगायला जात नाही, की बाबा, मी शेवटचा नेतोय. गल्ल्यावरच्या यंत्रात फक्त रक्कम उमटायची. दिवसाकाठी किती डॉलर जमले ते कळे. कशाचे जमले, साबणाचे की मटाराच्या डब्यांचे, ते कळत नसे. त्यासाठी कुणीतरी फळीसमोर उभं राहून बघायचं आणि कागदावर टिपून घ्यायचं. सॉन्डर्सला याची बोच असावी. पुढे १९३७ मध्ये त्याने 'कीडूझल' नावाचं यंत्रांवर चालणारं दुकान काढलं. गिऱ्हाइकाने एक किल्ली घेऊन काचेतल्या वस्तूंपाशी फिरायचं, हवी ती नोंद करायची आणि मागच्या बाजूने यंत्राने माल गोळा करून आणायचा. कल्पना काळाच्या फार पुढची. गर्दी झाली की यंत्र गोंधळायचं, एकाचा माल दुसऱ्याला जायचा. दोन-तीन प्रयत्नांनंतर ते दुकान कायमचं बंद पडलं.

बघणारा माणूस नेमला, तरी पुढचा प्रश्न राहतोच. मागवायचं किती? याचं गणित पिगली विगलीच्याही आधी, १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनियरने 'फॅक्टरी' नावाच्या मासिकात मांडलं होतं. ते कारखान्यातल्या सुट्या भागांसाठी होतं, पण दुकानालाही लागू पडतं. थोडा थोडा माल वारंवार मागवला तर हमाली, गाडीभाडं आणि खटपट वाढते. एकदम भरून ठेवला तर पैसा अडकतो, जागा जाते, उंदीर-घुशी आहेतच. या दोन खर्चांचा मेळ जिथे बसतो तेवढा माल मागवावा. या गणितातली मौज अशी, की ते वर्गमुळाचं आहे. विक्री चौपट झाली तर एका वेळी मागवायचा माल चौपट नाही, दुपटीनेच वाढवायचा. आपले जुने व्यापारी हे अंदाजाने ओळखत असणार. पण हॅरिसचं गणित विक्री एकाच संथ गतीने होते असं धरून चालतं. खऱ्या बाजारात दिवाळी असते, परीक्षा असतात, लग्नसराई असते, क्रिकेटचा सामना असतो.

यानंतर गोष्ट जपानला जाते, आणि तीही एका मोटारीच्या कारखान्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा कंपनी पैशाने खंक झाली होती. सुटे भाग ढिगाने बनवून ठेवायला ना भांडवल होतं ना जागा. तिथल्या ताइची ओनो या अधिकाऱ्याच्या कानावर अमेरिकन सुपरमार्केटची वर्णनं आली होती. त्याला वाटलं, हीच युक्ती. गिऱ्हाईक हवी ती वस्तू, हवी तेव्हा, हवी तेवढीच उचलतं, आणि दुकान उचललेल्या जागेवर तेवढाच माल आणून ठेवतं. कारखान्यातही असंच का होऊ नये? पुढच्या विभागाने गिऱ्हाईक व्हावं, मागच्या विभागाने दुकान. पुढच्याने जेवढे भाग उचलले तेवढेच मागच्याने नव्याने बनवावेत. १९५३ मध्ये त्याने आपल्या यंत्रशाळेत हा प्रयोग सुरू केला. १९५६ मध्ये तो अमेरिकेला गेला, मोठमोठे मोटार कारखाने बघून आला, पण त्याच्या मनावर सगळ्यात ठसा उमटला तो जागोजागी दिसणाऱ्या सुपरमार्केटचा.

उचललेल्या मालाची बातमी मागे पोचवायला ओनोने साधन वापरलं ते अगदी साधं. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं एक कार्ड. जपानीत त्याला 'कानबान' म्हणतात, म्हणजे पाटी. भागांचा खोका उचलला की त्यावरचं कार्ड काढून मागे पाठवायचं. कार्ड आलं तर बनवायचं, नाही आलं तर हात थांबवायचे. १९६२च्या सुमारास ही पद्धत सगळ्या टोयोटात रुजली. कार्डाची किंमत जवळजवळ शून्य, पण त्यावर लिहिलेली बातमी खरी असायची, कारण माल खरोखर उचलल्याशिवाय कार्ड सुटतच नसे. जगातले व्यवस्थापनाचे पंडित पुढे टोयोटाच्या वाऱ्या करू लागले. एका वाणसामानाच्या दुकानाची फळी बघून हे सुचलं होतं, हे त्यातल्या कितीजणांच्या ध्यानात राहिलं, कोण जाणे.

ओनोने ज्या दुकानांकडून धडा घेतला, त्यांची स्वतःची स्थिती मात्र अर्धीमुर्धीच होती. फळी आणि दुकानाची मागची खोली एवढ्यापुरता उचललं-भरलं हा नियम चाले. दुकानाच्या मागे घाऊक व्यापारी, त्याच्या मागे कंपनीचं गोदाम, त्याच्या मागे कारखाना. ही सगळी साखळी अंदाजावर चालत होती, आणि त्या अंदाजांची किंमत कोण मोजतं हे ज्याने पहिल्यांदा दाखवलं तो माणूस व्यापारी नव्हता. तो होता जे फॉरेस्टर. नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर वाढलेला, शिक्षणाने विजेचा इंजिनियर, संगणकाच्या सुरुवातीच्या काळातला एक मोठा माणूस. १९५६ मध्ये तो एमआयटी या संस्थेच्या व्यवस्थापन विभागात आला.

तिथे त्याची गाठ जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या माणसांशी पडली. केंटकी राज्यात त्यांचे घरगुती उपकरणांचे कारखाने होते. त्यांना एक कोडं सुटत नव्हतं. काही काळ कारखाने तीन-तीन, चार-चार पाळ्यांत चालत, आणि काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागे. बाजारातली तेजी-मंदी, दुसरं काय, असं उत्तर नेहमीचं होतं. फॉरेस्टरला ते पटलं नाही. ऑर्डर कशी दिली जाते, माल किती ठेवतात, माणसं कधी घेतात आणि कधी काढतात, हे त्याने त्यांच्याकडून विचारून घेतलं आणि एका वहीत रकाने आखून आठवड्यामागून आठवडा हाताने आकडे मांडत गेला. वहीतून निघालं ते चमत्कारिक होतं. बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर ठेवली तरी कारखान्यातली कामगारांची संख्या वरखाली हेलकावत होती. बाहेर ना तेजी होती ना मंदी. ज्यांच्या नोकऱ्या जात होत्या त्या कामगारांनी काही वाईट केलं नव्हतं, गिऱ्हाइकानेही नाही. कंपनीच्या आपल्याच ऑर्डर देण्याच्या रीतीतून हे घडत होतं. फॉरेस्टरने यावर १९५८ मध्ये लेख लिहिला आणि १९६१ मध्ये 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' हे पुस्तक.

हे कसं घडतं ते समजावायला त्याच्या विभागाने एक खेळ तयार केला, जो आजही जगभरच्या विद्यार्थ्यांना खेळायला लावतात. खेळात चार गडी असतात. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. वस्तू बिअर आहे, आपण बिस्किटं म्हणू. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठीवर ऑर्डर लिहायची. ऑर्डर दिल्यापासून माल यायला काही आठवडे लागतात. गिऱ्हाईक दर आठवड्याला चार पेट्या नेतं. मग एका आठवड्यात आठ नेतं, आणि शेवटपर्यंत आठच नेत राहतं. एवढा एकच बदल. दुकानदार दचकतो. माल कमी पडतोय म्हणून तो बारा मागवतो. त्याचा माल यायला वेळ लागतो, तोवर आणखी मागवतो. घाऊक व्यापाऱ्याला दिसते ती एवढी मोठी ऑर्डर. त्याला वाटतं, बाजार उसळला. तो वीस मागवतो. कारखान्यापर्यंत हा आकडा तिशी गाठतो. कारखाना जोमाने माल काढतो, आणि काही आठवड्यांनी तो सगळा माल एकदम सगळ्यांच्या अंगावर येऊन पडतो. मग कुणीच काही मागवत नाही. खेळ संपल्यावर गड्यांना विचारलं की गिऱ्हाइकाची मागणी कशी होती, तर जवळजवळ प्रत्येकजण मोठी चढ-उताराची नागमोडी रेघ काढतो. खरी रेघ दाखवली की वर्गात शांतता पसरते.

१९९७ मध्ये हाउ ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या हेलकाव्यावर गाजलेले लेख लिहिले. प्रॉक्टर अँड गँबल ही कंपनी तान्ह्या मुलांचे पॅम्पर्स हे लंगोट बनवते. तान्ही मुलं काही सणासुदीला जास्त आणि एरवी कमी लंगोट ओले करत नाहीत. दुकानातली विक्री जवळपास सपाट होती. पण वितरकांच्या ऑर्डरी वरखाली होत, आणि कंपनी कच्च्या मालाच्या ज्या ऑर्डरी देई त्या तर त्याहून जास्त. कंपनीतल्या लोकांनी याला बैलाच्या चाबकाची उपमा दिली होती. आपल्या आसुडासारखंच. मुठीपाशी हात इंचभर हलतो आणि टोकाला कडाका उडतो.

या आसुडाला हात घालणाऱ्या गोष्टी लेखकांनी शोधल्या, त्यातली एक आपल्या बाजाराला फारच ओळखीची आहे. ती म्हणजे 'स्कीम'. डझनावर एक फुकट, या महिन्यात उचललात तर इतके टक्के सूट. शिवाय कंपनीच्या सेल्समनला महिनाअखेरीचं टार्गेट गाठायचं असतं. दुकानदार महिनाभर थांबतो आणि शेवटच्या आठवड्यात दोन महिन्यांचा माल उचलतो. कंपनीच्या कागदावर विक्री झाली, पण तो माल अजून कुणाच्या घरात गेलेला नसतो. तो दुकानाच्या माळ्यावर असतो. पुढचा महिना कंपनीला कोरडा जातो. फुकटचा एक डझनाचा तुकडा सगळ्यांनाच महाग पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पण स्कीम बंद करायची हिंमत थोड्याच कंपन्या करतात. प्रॉक्टर अँड गँबलने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा सवलती कमी करून रोजचाच भाव खाली आणला, तेव्हा पुष्कळ व्यापारी रागावले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे टंचाईची नुसती चाहूल. कमी पडणार असं वाटलं की प्रत्येकजण गरजेपेक्षा जास्त मागतो, आणि मागितल्यामुळेच कमी पडतं. २४ मार्च २०२०च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा किराणा दुकानांसमोर लागलेल्या रांगा आपण पाहिल्या, किंवा त्यात उभे राहिलो. दोन किलो नेणारे पाच किलो नेत होते. अमेरिकेत त्याच सुमाराला शौचालयाच्या कागदाची फळी ओस पडली. या वस्तूचा वापर तरी एकाएकी किती वाढणार! थोडा वाढलाही, कारण माणसं कचेरीऐवजी घरी होती. बाकी सारा आसूड.

उपाय दिसायला सोपा होता. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या ऑर्डरीकडे बघून अंदाज बांधण्याऐवजी गल्ल्यावर खरोखर काय विकलं ते सगळ्यांनी बघावं. पण ते बघायचं साधन हवं ना. ते साधन म्हणजे पाकिटांवरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा. १९४८ मध्ये फिलाडेल्फियात एका किराणा साखळीचा प्रमुख एका तंत्र महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना विनवत होता, की पैसे घेताना मालाची नोंद आपोआप होईल असं काहीतरी काढा. अधिष्ठात्यांनी नकार दिला, पण बर्नार्ड सिल्व्हर या तरुणाने ते ऐकलं आणि मित्राला, जोसेफ वुडलंडला, सांगितलं. वुडलंड लहानपणी बालवीर होता, मोर्सची टिंब-रेघांची लिपी त्याला येत होती. मायामीच्या समुद्रकिनारी बसून त्याने वाळूत टिंब आणि रेघा काढल्या, त्या बोटांनी खाली ओढल्या आणि जाड-बारीक उभ्या रेघा तयार झाल्या. पेटंट १९५२ मध्ये मिळालं, पण त्या रेघा वाचायला लागणारे लेसर आणि स्वस्त संगणक यायला आणखी वीस वर्षं गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं दहाचं एक पाकीट, किंमत ६७ सेंट, पहिल्यांदा असं वाचलं गेलं. आपल्याकडे आज बिस्किटाच्या पुड्यावरही ती पट्टी असते. ८९० या आकड्यांनी सुरू झाली तर तिची नोंदणी भारतात झाली असं समजावं.

दुकानदारांनी ही यंत्रं घेतली ती रांग लवकर सरावी म्हणून. काय विकलं याची बातमी मिळणं हा वरकड फायदा होता, आणि त्याचा उपयोग कसा करायचा हे उमगायला बराच काळ गेला. वॉलमार्टचा संस्थापक सॅम वॉल्टन आणि प्रॉक्टर अँड गँबलचा एक वरिष्ठ अधिकारी १९८७ मध्ये अर्कान्सासच्या एका नदीत होडी वल्हवायला एकत्र गेले. तिथून दोन्ही कंपन्यांच्या बोलण्याला सुरुवात झाली. पुढे लंगोट मागवायचं काम दुकानाने करायचंच नाही, असं ठरलं. विक्रीचे आकडे कंपनीने बघायचे आणि माल स्वतःच पाठवायचा. लंगोटापासून सुरुवात करण्याचं कारण साधं आहे, ते जागा फार खातात. १९९१ मध्ये वॉलमार्टने आपली विक्रीची माहिती माल पुरवणाऱ्यांना खुली करणारी व्यवस्था उभी केली. टोयोटाचं कार्ड आता तारांतून आणि उपग्रहावरून धावू लागलं.

जपानमध्ये याहून बारकाईचं काम चाललं होतं. टोकियोत मे १९७४ मध्ये सेव्हन-इलेव्हनचं पहिलं जपानी दुकान उघडलं. दुकान इवलंसं, मागे गोदामाला जागा नाही. वितरक मोठ्या खोक्यांतच माल द्यायचे, त्यामुळे एकाच वस्तूचा ढीग आणि दुसरीचा पत्ता नाही. तोशिफुमी सुझुकी या तिथल्या प्रमुखाने वितरकांच्या मागे लागून थोडा थोडा माल आणायला लावला. १९८२ पासून तिथे गल्ल्यावरची नोंद संगणकात जाऊ लागली. पण सुझुकीने एक वेगळं केलं. संगणकाला ऑर्डर देऊ दिली नाही. ऑर्डर द्यायची ती दुकानातल्या माणसांनी, त्यातही बरेचसे अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी आणि गृहिणी. उद्या पाऊस आहे, शेजारच्या शाळेत खेळांच्या स्पर्धा आहेत, मग भाताचे गोळे किती लागतील? त्यांनी अंदाज करायचा, दुसऱ्या दिवशी विक्रीच्या आकड्यांवर तो ताडून बघायचा. भाताचा गोळा दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, म्हणून चूक लगेच समोर येई. ज्या अमेरिकन कंपनीकडून जपान्यांनी हे नाव घेतलं होतं, ती १९९० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि १९९१ मध्ये जपान्यांनीच तिचा मोठा हिस्सा विकत घेतला.

इतकं सगळं झाल्यावर फळ्या भरलेल्या असायला हव्या होत्या. २००२ मध्ये थॉमस ग्रुएन, डॅनियल कॉर्स्टन आणि सुंदर भारद्वाज यांनी जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या. सरासरी शंभरांतल्या आठ वस्तू फळीवर सापडत नव्हत्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारण. कंपनी किंवा गोदाम यांच्यामुळे अडलेला माल साधारण चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक. जवळजवळ निम्मा दोष दुकानाच्या ऑर्डरीचा आणि अंदाजाचा. उरलेल्या चौथ्या हिश्शात माल दुकानात आलेला होता, मागच्या खोलीत होता, फक्त बाहेर मांडलेला नव्हता. हजारो मैल प्रवास करून आलेला माल शेवटच्या तीस पावलांत अडकत होता.

अनंत रामन आणि निकोल डिहोरेशियस यांनी दुकानातल्या संगणकाची वही तपासली. ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी, आणि त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळेनात. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चुका क्षुल्लक असतात. गिऱ्हाईक टोमॅटो सूपची दोन पाकिटं आणि मक्याच्या सूपचं एक आणतं. गल्ल्यावरचा माणूस घाईत टोमॅटोचंच पाकीट तीनदा दाखवतो, पैसे तर तेवढेच होतात. आता वहीत मक्याचं पाकीट एक जास्त आणि टोमॅटोचं एक कमी. काही चोरीला जातं, काही फुटतं, काही भलत्याच फळीवर पडून राहतं. मग फळी रिकामी असते आणि संगणक म्हणतो, सहा शिल्लक आहेत. शिल्लक आहेत म्हणून तो मागवत नाही. मागवत नाही म्हणून येत नाही. येत नाही म्हणून विकलं जात नाही, आणि विकलं जात नाही म्हणून संगणकाला वाटतं, या वस्तूला मागणीच उरली नाही. त्या सहा भुतांना कुणीतरी माणसाने जाऊन हुसकावेपर्यंत ती वस्तू त्या दुकानात पुन्हा येत नाही.

ही भुतं एखाद्या दुकानापुरती न राहता पूर्ण कंपनीत शिरली तर काय होतं, ते कॅनडात दिसलं. अमेरिकेतल्या टार्गेट या बड्या कंपनीने मार्च २०१३ मध्ये तिथे दुकानं उघडायला सुरुवात केली आणि बघता बघता १३३ उघडली. संगणकाची नवी व्यवस्था, त्यात हजारो वस्तूंची माहिती घाईघाईने भरलेली. मापं कुठे इंचांत तर कुठे सेंटिमीटरमध्ये, लांबीच्या जागी रुंदी. खोका संगणकाच्या हिशेबाने गाडीत मावायचा, प्रत्यक्षात मावायचा नाही. गोदामं माल ठेवायला जागा नाही इतकी भरली आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या राहिल्या. सीमेपलीकडच्या टार्गेटची भरगच्च दुकानं बघितलेली गिऱ्हाइकं एकदा आली, रिकाम्या फळ्या बघून गेली, ती फिरकलीच नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने कॅनडातून गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. १७,६०० माणसांची नोकरी गेली. पैसा कमी नव्हता, माल कमी नव्हता, गिऱ्हाईक तर उत्सुकतेने वाट बघत होतं. केंटकीतल्या कामगारांची जी गत झाली होती तीच सहा दशकांनी या दुकानांतल्या माणसांची झाली. पूर्वी अंदाज चुकत होता, आता नोंद चुकली.

यावर दुकानवाले सध्या काय करतात? पुष्कळ मोठ्या दुकानांत सकाळी एक माणूस हातात यंत्र घेऊन फळ्यांसमोरून चालत जातो आणि फक्त रिकाम्या जागांची नोंद करतो. काही कपड्यांच्या दुकानांत प्रत्येक नगाला रेडिओ लहरींची चिठ्ठी चिकटवतात, म्हणजे मोजणी लवकर होते. मात्र खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री चालते ती या फिरून बघणाऱ्या माणसाच्या पगारावर. झेनेप टॉन या अभ्यासक बाईंनी २०१४च्या आपल्या पुस्तकात याचा हिशेब मांडला आहे. दुकानात माणसं कमी केली की मांडामांड बिघडते, माल मागेच राहतो, विक्री घटते, आणि विक्री घटली म्हणून आणखी माणसं कमी केली जातात.

महाराष्ट्रात याच प्रश्नाला एक निराळंच उत्तर दिलं गेलं होतं, ते मला इथे नोंदवावंसं वाटतं. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक चळवळीतून १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. पुढच्या महिन्याला काय काय लागेल याची यादी प्रत्येक घराने आधीच भरून द्यायची. सगळ्या याद्यांची बेरीज होते, तेवढाच माल घाऊक बाजारातून घेतला जातो आणि ठरलेल्या दिवशी संघातल्या एखाद्याच्या घरी येऊन पडतो. तिथेच वाटप होतं. यात फळीही नाही आणि अंदाजही नाही. मागणी आधी कागदावर येते, माल मागाहून. फॉरेस्टरच्या खेळातले चारही गडी इथे एकाच यादीकडे बघत असतात. माल उरत नाही, म्हणून भावही कमी ठेवता येतो. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांनी वह्या, याद्या आणि तराजू सांभाळून हे काम वर्षानुवर्षं चालवलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याचा उल्लेख मी कधी पाहिला नाही, तो असायला हवा होता.

अर्थात यादी भरताना महिनाभराचा विचार करावा लागतो, आणि तो सगळ्यांनाच नेमका जमतो असं नाही. वीस तारखेला अवचित पाहुणे आले आणि डब्यात साखर नसली, की पंचायतीच्या सभासदाचं पोरही पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडेच धावतं.